वादळात उडालेले पत्रे पुन्हा बसवताय? स्टेडियमच्या क्लॅडिंगमध्ये या चुका टाळा

एप्रिल-मे आला की पुण्यात दुपारनंतर ढग दाटतात, धुळीचा लोट उठतो आणि अर्ध्या तासात वळीव झोडपून निघून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रीडासंकुलांतून फोन सुरू होतात. "साहेब, मागच्या बाजूचे पत्रे उडालेत, आठवड्यात नवे लावून द्या." मी बरीच वर्षं धातूच्या क्लॅडिंगचं, म्हणजे इमारतीला बाहेरून पत्र्याचं आवरण चढवण्याचं, काम करतोय, आणि चुकीची सुरुवात बहुतेक वेळा याच वाक्यापासून होते. पत्रा उडण्याआधी त्याला धरून ठेवणारं काहीतरी सुटलेलं असतं. ते न शोधता नवा पत्रा चढवला, तर पुढच्या वळवाला तोही जातो.

पडलेला पत्रा लगेच भंगारात देऊ नका

आधी त्याची स्क्रूची भोकं बघा. भोक लांबट झालं असेल, तर पत्रा उन्हाने कित्येक महिने मागेपुढे सरकत होता. भोक वायसरच्या मापाचं फाटलं असेल आणि स्क्रू अजून गर्टमध्येच, म्हणजे पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्टीतच, उभा असेल, तर पत्रा पातळ होता किंवा स्क्रू कमी होते. स्क्रू पत्र्याबरोबरच निघून आला असेल, तर गर्टकडे वळा. तिथे गंजून कागदासारखी झालेली पट्टी सापडते, नाहीतर जाड लोखंडात चुकीच्या लांबीचा स्क्रू मारलेला असतो. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पश्चिम पुण्यातल्या एका छोट्या स्टेडियमवर कोपऱ्यातले तेच तीन पत्रे तिसऱ्यांदा उडाले होते. मी परांचीवर चढलो तर गर्टवर स्क्रूंची रांग जशीच्या तशी उभी, आणि प्रत्येक वायसरखाली पत्र्याची रुपयाएवढी गोल चकती अडकलेली. दर वेळी त्याच जाडीचा पत्रा त्याच भोकांवर बसवला जात होता.

कोपरा आणि मधली भिंत सारखी समजू नका

वारा भिंतीला ढकलतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो भिंत बाहेरही ओढतो, हे विसरलं जातं. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. त्या वेगाला चौरस मीटरवर साधारण ९० किलोचा दाब येतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं वजन मात्र चौरस मीटरला चार-पाच किलो. कोपऱ्यांवर आणि वरच्या कडेला ओढ याहूनही वाढते. स्टेडियममध्ये आणखी एक अडचण असते. प्रेक्षागृहाच्या पायऱ्यांखालचा भाग उघडा असतो, वारा तिथून आत घुसतो आणि पत्र्याला मागून रेटतो. बाहेरची ओढ आणि आतला रेटा एकाच स्क्रूवर येतात. म्हणून कडेच्या पट्ट्यात गर्ट जवळजवळ घ्या, स्क्रू वाढवा आणि हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. यात कसर करू नका. १७ एप्रिल २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या किवळ्यात वादळी पावसात होर्डिंग कोसळून पाच जणांचा जीव गेला. पाऊस आला की माणसं आडोशाला थांबतात, आणि स्टेडियमची बाहेरची भिंत हा तसाच आडोसा आहे.

स्क्रू आवळायचा, पण किती?

रबरी वायसर किंचित फुगलेला दिसला की थांबायचं. कडेने बाहेर पसरला, तर दोन उन्हाळ्यांत तडकतो आणि पाणी आत शिरतं. इम्पॅक्ट गनने धडाधड मारलेले स्क्रू हमखास असेच निघतात. क्लच असलेलं, म्हणजे ठरावीक जोर लागला की आपोआप सुटणारं ड्रिल वापरा.

उन्हाचंही तेच. पुण्यात जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत पत्र्याच्या तापमानात ५० अंशांचा फरक सहज पडतो. सहा मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा त्यात सुमारे ७ मिलिमीटर वाढतो, लोखंडी साधारण निम्मा. अखंड पॅनेल दोन्ही टोकांना घट्ट जखडलं तर ते पोट काढतं. एक टोक पक्कं ठेवा, दुसरीकडे लांबट भोक द्या.

कटर मशीन खालीच ठेवा

रंगीत पत्रा ग्राइंडरने कापताना उडणारा लोखंडाचा गरम कीस रंगात रुतून बसतो. पहिल्या पावसानंतर भिंतभर तांबडे ठिपके उमटतात आणि मग सगळे पत्रा कंपनीला दोष देतात. कात्री किंवा निब्लर (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) वापरा, ड्रिलचा कीस संध्याकाळी ब्रशने झाडा. ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला आणि जस्ताच्या मुलाम्याला लागू देऊ नका, त्याने दोन्ही खाल्ले जातात.

जुन्या काँक्रीटमध्ये अँकर, म्हणजे सांगाडा धरणारे बोल्ट, मारण्याआधी ओढून बघण्याची चाचणी करा. टोचल्यावर भुगा पडत असेल, तर आधी काँक्रीट दुरुस्त करा.

सगळे सांधे सिलिकॉनने बुजवून टाकणं हीदेखील चूकच. आत थोडं पाणी जाणारच, त्याला खाली बाहेर पडायला वाट हवी. त्या फटीला जाळी बसवा, नाहीतर आत पारवे घर करतात. आणि चकाकीसाठी एसीपी (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये गाभा असलेलं पॅनेल) लावायचं मनात असेल, तर पॉलिथिनचा गाभा असलेलं अजिबात घेऊ नका. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये जून २०१७ मध्ये ७२ माणसं गेली, आणि आग बाहेरून पसरली ती अशाच पॅनेलमधून.

काम मार्चअखेर संपेल असं बघा. सुपूर्द करताना कडेच्या पट्ट्यातल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून पत्र्यापर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढा. पहिला वळीव पडून गेला की दुर्बिणीने बघा. जिथे रेघ तुटलेली दिसेल, तिथला स्क्रू फिरलाय, त्याच दिवशी माणूस वर पाठवा.