डब्ल्यू बोसॉनचे ट्रान्सव्हर्स मास कसे काढावे

प्रोटॉनांच्या टकरीत तयार झालेल्या डब्ल्यू बोसॉन या कणापासून म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण) आणि न्यूट्रिनो निघाले की म्युऑन डिटेक्टरमध्ये सापडतो, न्यूट्रिनो मात्र खूण न ठेवता निघून जातो. त्याचा बीमच्या दिशेतला संवेग कळत नाही, कारण टकरीतल्या क्वार्कांनी (प्रोटॉनच्या आतल्या कणांनी) प्रोटॉनच्या संवेगाचा किती वाटा नेला हे माहीत नसते आणि उरलेले अवशेष बीमच्या नळीतूनच निसटतात. बीमला काटकोनात असलेल्या प्रतलात सुरुवातीचा एकूण संवेग जवळजवळ शून्य असतो. म्हणून त्या प्रतलात दिसलेल्या सगळ्या संवेगांची सदिश बेरीज करून चिन्ह उलटे केले की न्यूट्रिनोचा आडवा संवेग मिळतो. यालाच मेट (मिसिंग ट्रान्सव्हर्स एनर्जी) म्हणतात.

खरे वस्तुमान असे निघाले असते (स्यूडोरॅपिडिटी म्हणजे कण बीमशी किती कोन करतो याचे माप, फाय म्हणजे बीमभोवतीचा कोन, कॉश म्हणजे हायपरबोलिक कोसाइन):

वस्तुमान² = २ × म्युऑनचा आडवा संवेग × मेट × [कॉश(स्यूडोरॅपिडिटीतला फरक) − कॉस(फाय कोनातला फरक)]

न्यूट्रिनोची स्यूडोरॅपिडिटी ठाऊक नाही, म्हणून कॉशच्या जागी १ ठेवायचा. मिळते ते ट्रान्सव्हर्स मास. कॉश १ पेक्षा कमी कधीच होत नाही, त्यामुळे हे मूल्य खऱ्या वस्तुमानाच्या वर जाऊ शकत नाही. सगळी उपयुक्तता या एका गोष्टीत आहे: अनेक टकरींमधल्या या मूल्याचा आलेख डब्ल्यूच्या वस्तुमानाजवळ, म्हणजे ८० जीईव्हीच्या (कणभौतिकीतले ऊर्जेचे एकक, इथे वस्तुमान आणि संवेगासाठीही) सुमारास चढतो आणि एकदम कोसळतो. त्या कड्याला जेकोबियन एज म्हणतात.

म्युऑन ४० जीईव्ही, मेट ३६ जीईव्ही आणि कोनातला फरक २.९ रेडियन असेल तर २ × ४० × ३६ = २८८०; कॉस(२.९) = −०.९७१, गुणाकार सुमारे ५६७६, वर्गमूळ ७५.३ जीईव्ही. आधी हे हाताने करून आपल्या प्रोग्रामचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहा. उत्तर विचित्र आले तर कोन अंशांत दिला आहे का, किंवा एक संवेग एमईव्हीत (जीईव्हीचा हजारावा भाग) आणि दुसरा जीईव्हीत आहे का, ते आधी तपासा.

घटना (एकेका टकरीच्या नोंदी) निवडताना एकटा, आजूबाजूला जेट (एकाच दिशेने निघालेल्या कणांचा झोत) नसलेला म्युऑन घ्या आणि दुसरा म्युऑन असेल तर घटना टाकून द्या. सर्नमधल्या ॲटलास प्रयोगाने ७ टीईव्ही ऊर्जेच्या टकरींच्या डेटावर म्युऑन आणि मेट दोन्ही ३० च्या वर, ट्रान्सव्हर्स मास ६० च्या वर आणि रिकॉइल (डब्ल्यूच्या उलट बाजूला गेलेल्या बाकीच्या कणांचा आडवा संवेग) ३० जीईव्हीच्या खाली अशा अटी लावल्या होत्या. सुरुवातीला त्याच घ्या. मात्र ६० ची अट लावण्याआधी पूर्ण आलेख एकदा काढा. डावीकडचा ढीग बहुतांशी जेटमधून आलेल्या म्युऑनचा असतो, आणि तो किती मोठा आहे हे पाहिल्याशिवाय उरलेल्या भागावर विश्वास ठेवू नये.

सर्वाधिक घोटाळे मेटमध्ये होतात. म्युऑन कॅलरीमीटरमध्ये, म्हणजे डिटेक्टरच्या ऊर्जा मोजणाऱ्या भागात, फार थोडी ऊर्जा टाकतो. त्याचा संवेग मेटमध्ये धरला नाही, तर मेट न्यूट्रिनोचा राहत नाही, अख्ख्या डब्ल्यूचाच होतो. म्युऑनचे कॅलिब्रेशन बदलले की मेटही पुन्हा काढावा लागतो. ही पायरी हमखास राहून जाते. शिवाय एकाच वेळी होणाऱ्या इतर टकरींमुळे मेट विस्कटतो आणि कडा बोथट होतो. डब्ल्यूची स्वतःची रुंदी, म्हणजे त्याच्या वस्तुमानातला नैसर्गिक पसारा, सुमारे २.१ जीईव्ही आहे. या दोन्हींमुळे काही घटना ८० च्या पलीकडे दिसणारच. त्या कापू नका.

वस्तुमान मोजायचे असेल तर कड्याची जागा डोळ्यांनी वाचून चालत नाही. वेगवेगळी वस्तुमाने धरून सिम्युलेशनचे आलेख बनवा आणि डेटाशी सर्वांत जुळणारा निवडा. त्याआधी दोन म्युऑन देणाऱ्या झेड बोसॉनवर सराव करा: त्या दोन म्युऑनपैकी एक लपवा, त्याचा आडवा संवेग मेटमध्ये सदिश पद्धतीने मिळवा आणि तेच सूत्र वापरा. कडा ९१ जीईव्हीजवळ यायला हवा. तिथे तो सरकलेला दिसला तर म्युऑनच्या संवेगाचे स्केल आणि रिकॉइलची दुरुस्ती तपासा, डब्ल्यूकडे नंतर वळा.