सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या रिसर्च ग्रुपमध्ये मेल टाकायचा तर कुणाला?

पीएचडी नाहीतर इंटर्नशिपसाठी ग्रुप शोधताय ना, मग सगळ्या मेंबर्सना एकच मेल कॉपी-पेस्ट करून पाठवू नका, ते लगेच कळतं. आधी कोण काय करतं ते बघा. जागा आणि फंडिंग प्रोफेसरच्या हातात, म्हणजे अ‍ॅडमिशनचं तिथेच विचारायचं. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी संपवून ग्रुपमध्ये रिसर्च करणारे, बहुतेक वर्ष-दोन वर्षांचे पाहुणे. कोड, डेटा, रोजची मारामारी पीएचडीवाल्यांकडे, आणि खरी माहितीपण तेच देतात, म्हणजे गाईड वेळ देतो का, पेपर रिजेक्ट झाला की कसा वागतो वगैरे (हे फोनवरच विचारा, लिहून कोण देणार!).

मग डीबीएलपीवर (कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरांची ऑनलाइन यादी) त्या माणसाचं नाव टाकून अलीकडचे पेपर बघा, आयसीएसई, एफएसई, एएसई या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या मोठ्या कॉन्फरन्सेसमधलं काही दिसतंय का, पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का. टेस्टिंगवाला वेगळा आणि गिटहबचा डेटा उकरणारा वेगळा, तो एमएसआर म्हणजे ‘मायनिंग सॉफ्टवेअर रिपॉझिटरीज’ या कॉन्फरन्समध्ये सापडेल. एक पेपर नीट वाचा, सोबतचा कोड दिला असेल तर आपल्या मशीनवर चालवून बघा आणि जिथे अडलात तीच शंका मेलमध्ये टाका, चार-पाच ओळीत. आठवडाभर उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, एकदाच.