ड्रायव्हरचा इंटरफेस टप्प्याटप्प्याने बदलताय? या चुका टाळा

लिनक्स कर्नलच्या आतले इंटरफेस कायम तसेच राहतील, असं वचन कुणी दिलेलं नाही. पण जो बदल करतो, त्यानेच ट्रीमधले (कर्नलच्या सोर्स कोडमधले) सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे, हा रिवाज पक्का आहे. घोळ होतो तो इथेच.

जुना कॉलबॅक (ड्रायव्हरने दिलेलं, कर्नल वेळ आली की बोलावतं ते फंक्शन) घाईने उडवणं. सगळे ड्रायव्हर बदलले, शेवटच्या पॅचमध्ये त्या कॉलबॅकचं जुनं फील्ड काढलं. तोवर दुसऱ्या मेंटेनरच्या (कर्नलचा एखादा भाग सांभाळणाऱ्याच्या) ट्रीमधून त्याच फील्डवर लिहिलेला नवा ड्रायव्हर येतो आणि लिनक्स-नेक्स्टचं, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठी सगळ्यांचे बदल एकत्र येतात त्या ट्रीचं, बिल्ड मोडतं. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचं 'रिमूव्ह' (डिव्हाइस काढताना चालणारा कॉलबॅक) कसं बदललं ते बघा: कर्नल 6.3 मध्ये 'रिमूव्ह_न्यू' शेजारी आलं, ड्रायव्हर हळूहळू त्यावर गेले आणि मूळ 'रिमूव्ह' व्हॉइड (काहीच परत न देणारं) झालं ते थेट 6.11 मध्ये. एवढा वेळ लागतो, लागू द्या. जुनं नाव काढणारा पॅच मी वेगळा ठेवतो. पुढचा आरसी1 (नव्या आवृत्तीची पहिली चाचणी प्रत) आला की लिनक्स-नेक्स्टवर गिट ग्रेप मारून ते नाव शोधतो, आणि काही सापडलं नाही तरच पाठवतो.

एररच्या जागी नुसतं 'रिटर्न'. याची मला खरी चीड आहे. जुन्या रिमूव्हने एरर दिली तरी कर्नलचा ड्रायव्हर कोअर लॉगमध्ये इशारा छापायचा आणि डिव्हाइस काढून टाकायचाच. आमच्याकडे तपासायला आलेल्या एका ड्रायव्हरमध्ये रिमूव्हच्या सुरुवातीलाच हार्डवेअर जागं करायचा प्रयत्न होता. तो फसला की लगेच बाहेर. डिलेड वर्क (थोड्या वेळाने चालायला ठेवलेलं काम) रद्द करणारी ओळ त्याच्या खाली. बदल करणाऱ्याने कोड आपोआप बदलणारी स्क्रिप्ट चालवली, एररच्या जागी रिकामं रिटर्न आलं, कंपायलरची काही तक्रार नाही. मग मॉड्यूल काढल्यावर मशीन कधीकधी क्रॅश व्हायला लागलं. लॉगमधला जुना इशाराही आता गेलेला, त्यामुळे माग लागेना. शेवटी केसॅन (मेमरीतल्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) लावल्यावर दिसलं: मेमरी मोकळी झाली होती आणि वर्क मागाहून तिलाच हात लावत होतं. रिमूव्हमध्ये मधूनच बाहेर पडायचं नाही. हार्डवेअर जागं झालं नाही तर फक्त रजिस्टरला लागणारं काम वगळा, बाकीची आवराआवर झालीच पाहिजे. असे ड्रायव्हर मी स्क्रिप्टला देतच नाही, हाताने वाचतो.

कॉक्सिनेलच्या (सी कोडमध्ये आपोआप बदल करणाऱ्या साधनाच्या) नजरेतून मॅक्रोतल्या जागा निसटतात, म्हणून ऑलमॉडकॉन्फिग (शक्य ते सगळं मॉड्यूल म्हणून बिल्ड करणारं कॉन्फिगरेशन) दोन-तीन आर्किटेक्चरवर बिल्ड करा. मालिकेतला प्रत्येक पॅच स्वतंत्रपणे कंपाइल व्हायला हवा, नाहीतर पुढे बायसेक्ट करणारा (बिघाड कुठल्या पॅचने आला ते अर्धे-अर्धे करत शोधणारा) अडकतो. दोन सबसिस्टिमना लागणारी ब्रँच एकदा दिली की रिबेस करू नका (तिचा इतिहास नव्याने लिहू नका). आणि मर्ज विंडोच्या (नवे बदल मुख्य कर्नलमध्ये घेतले जातात त्या काळाच्या) दोन आठवड्यांत नवी मालिका पाठवून उत्तरासाठी तगादा लावू नका. मेंटेनर तेव्हा पुल रिक्वेस्टमध्ये गुंतलेले असतात.