गाडीचा दिवा लागत नाही, तेव्हा दोष कसा शोधावा

गाडीचा एखादा दिवा बंद पडला की आपला हात आधी बल्बाकडे जातो, आणि पुष्कळदा तो अंदाज खराही ठरतो. नवा बल्ब बसवूनही अंधार कायम राहिला, की मात्र अंदाजाने एकामागून एक भाग बदलत जाण्याचा मोह होतो. तो टाळावा. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह फ्यूज, स्विच, रिले (विजेने चालणारा स्विच) आणि बल्ब यांतून जाऊन गाडीच्या पत्र्यावाटे ऋण टोकाकडे परत येतो. या वाटेवर तो नेमका कोठे अडतो, एवढेच शोधायचे असते. परतीची वाट, म्हणजेच अर्थिंग, तपासायचे सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

साधा डिजिटल मल्टिमीटर (दाब व रोध मोजणारा मीटर), टेस्ट लॅम्प (एक टोक पत्र्याला जोडून दुसरे टेकवले की वीज असल्यास लागणारा छोटा दिवा) आणि बारीक पॉलिश पेपर एवढी सामग्री पुरते. हॅलोजन बल्ब बराच वेळ तापलेला राहत असल्याने तो थंड होऊ द्यावा. झेनॉन हेडलाइट पेटताना तिच्या जोडणीत 20,000 व्होल्टच्या आसपास दाब निर्माण होतो, म्हणून ती घरी उघडू नये. पिवळ्या आवरणाच्या तारा व कनेक्टर सहसा एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नये.

साधने हातात घेण्यापूर्वी सर्व दिवे एकेक करून लावावेत आणि नेमके काय बंद आहे ते लिहून ठेवावे. टेललाइट लागतात पण ब्रेक दाबल्यावर एकही दिवा उजळत नाही, असे असेल तर फ्यूजनंतर पहिला संशय पेडलजवळच्या ब्रेक स्विचवर घ्यावा. एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर लुकलुकत असेल, तर त्याच बाजूचा एखादा बल्ब बहुधा उडालेला असतो. सगळेच दिवे मंद असतील तर बॅटरीवर मीटर लावावा: इंजिन बंद करून काही तास उलटल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले पाहिजेत. एकच हेडलाइट बंद असली तरी फ्यूज निर्दोष मानू नये, कारण अनेक गाड्यांत डाव्या व उजव्या हेडलाइटला स्वतंत्र फ्यूज असतो.

बल्ब काढल्यावर तंतू शाबूत दिसला तरी डोळ्यांवर विसंबू नये. मीटर ओमवर ठेवून मोजल्यास हेडलाइटच्या चांगल्या, थंड बल्बाचा रोध एका ओमपेक्षाही कमी येतो. हॅलोजनच्या काचेला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये, कारण बोटांच्या तेलकटपणामुळे काच त्या जागी अधिक तापते. होल्डरही उजेडात धरून पाहावा. प्लास्टिक तपकिरी पडले असेल किंवा पितळी पत्ती दबून सपाट झाली असेल, तर नवा बल्बही तेथे फार दिवस टिकणार नाही.

फ्यूज तपासण्यासाठी तो उपटण्याची गरज नसते. त्याच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. दिव्याचे बटण चालू ठेवून दोन्हींवर टेस्ट लॅम्प टेकवावा. एकाच ठिपक्यावर लॅम्प लागला तर फ्यूज उडालेला आहे. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा बसवावा: लाल 10, निळा 15, पिवळा 20. तोही लगेच उडाला, तर मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे वायरिंगलाच फ्यूज बनवणे होय. त्याऐवजी त्या फ्यूजवरचे सर्व बल्ब काढावेत, फ्यूजच्या जागी 21 वॅटचा बल्ब जोडावा आणि बटण चालू करून वायरिंग थोडी थोडी हलवत जावे. शॉर्ट, म्हणजे तारेचा पत्र्याशी थेट संपर्क, असेपर्यंत हा बल्ब लखलखीत राहतो, आणि ज्या ठिकाणी हात लागताच तो विझतो, तेथेच दोष असतो. रिलेचा संशय असल्यास त्याच क्रमांकाचा दुसरा रिले क्षणभर तेथे लावून पाहणे पुरते.

एवढे होऊनही दिवा मंद असेल, तर खरी परीक्षा येथे होते. बल्ब काढून सॉकेटमध्ये मीटर घातला की तो बिनधास्त 12.6 दाखवतो आणि आपण वायरिंग ठणठणीत असल्याची खात्री बाळगतो. मी पूर्वी हीच चूक करून एका टेललाइटसाठी दोन बल्ब वाया घालवले होते. मीटर जवळजवळ प्रवाह खेचतच नाही, त्यामुळे तारेचा एकच धागा उरला असला तरी त्याला पूर्ण दाब दिसतो. 55 वॅटचा बल्ब मात्र साडेचार अँपिअरहून अधिक प्रवाह मागतो, आणि तेव्हा तो धागा उघडा पडतो. म्हणून दिवा चालू ठेवूनच मोजावे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे बल्बाच्या अर्थिंगच्या पिनवर धरावे, 0.2 व्होल्टपेक्षा अधिक आकडा आला तर परतीची वाट खराब आहे. नंतर बॅटरीचे धन टोक आणि बल्बाची धन पिन यांच्यातही असेच मोजावे. हा उगाचचा काटेकोरपणा नाही: हॅलोजनला 10 टक्के दाब कमी मिळाला तर प्रकाश सुमारे 30 टक्क्यांनी घटतो.

अर्थिंगच्या दोषाची एक खूण मीटरशिवायही ओळखता येते. ब्रेक दाबताच शेजारचा इंडिकेटर मंदपणे उजळू लागला, किंवा टेललाइट उलट मंदावली, तर परतीची वाट न मिळालेला प्रवाह शेजारच्या बल्बातून वळसा घेत आहे असे समजावे. अर्थिंगचा बोल्ट सोडवून पत्रा व टर्मिनल चकचकीत होईपर्यंत घासावे, बोल्ट घट्ट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी.

दिवा कधी लागतो आणि कधी नाही, असे असल्यास डिक्कीच्या बिजागरीजवळची रबरी नळी मागे सरकवावी. झाकण हजारो वेळा उघडून मिटल्याने तेथील तांबे आतल्या आत तुटते, बाहेरचे आवरण मात्र अखंड दिसते. प्रत्येक तार हलकेच ओढून पाहावी. जी रबरासारखी ताणली जाते, तिच्यात तांबे उरलेले नाही. तेथे नवा तुकडा थोडी ढील ठेवून जोडावा, सांधा झाळून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नये.

नव्या गाड्यांत काही दिव्यांना इलेक्ट्रॉनिक नियंत्रक तुटक स्पंदांनी वीज पुरवतो, त्यामुळे मीटरवर सात-आठ व्होल्ट दिसले तरी तो दोष असेलच असे नाही. अशा गाडीत नियंत्रकाच्या बारीक तारांना टेस्ट लॅम्प लावू नये. तेथे स्कॅनर (नियंत्रकातील दोष वाचणारे यंत्र) असलेल्या कारागिराकडेच जावे, आणि जाताना आपण नोंदलेले आकडे त्याला दाखवावेत.