जुन्या ट्रॅक्टरचं पंप टायमिंग असं जुळवलं

सेकंडहँड ट्रॅक्टर सकाळी सेल्फ मारला की डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर सोडायचा आणि रोटाव्हेटर लावला की दबायचा. डिझेल फिल्टर बदलला, डिझेलच्या पाइपांत अडकलेली एअर काढली, डिझेल फवारणारे नोझल तपासून आणले, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केले. फरक शून्य. मग नोझलला दाबाने डिझेल पुरवणाऱ्या पंपाच्या फ्लँजकडे, म्हणजे पंप इंजिनाला नटांनी जिथे बसतो त्या कडेकडे नीट पाहिलं, तर पंपावरची आणि गिअर केसवरची खूण जुळतच नव्हती. टायमिंग मागे होतं, म्हणजे डिझेल उशिरा फवारलं जात होतं.

इंजिन बंद ठेवून आधी आहे त्या जागी खिळ्याने रेघ ओढली. ही रेघ फार मोलाची, कारण बिघडलं तर परत तिथेच येता येतं. नोझलचे पाइप पंपाकडून सैल केले, मग फ्लँजचे नट. पंपाचा शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट पंप फिरवला की टायमिंग पुढे येतं. एका वेळी जेमतेम एक मिलिमीटर. नट आवळायचे, एअर काढायची, चालू करून ऐकायचं. खडखड ठोका वाढला की जास्त पुढे गेलं. तिथून किंचित मागे. ठोक्यावर ट्रॅक्टर चालवत राहिलात तर पिस्टन जाईल.

आणि चालू इंजिनावर पाइप सैल असेल तर हात लांब ठेवा, डिझेलची धार कातडीतून आत घुसते.

आता थंडीतही धूर क्षणभरच येतो, रोटाव्हेटर दमदार ओढतो.