चहाच्या एका वाक्यावर अरबी

शारजातल्या ऑफिसात मी हिशेबाचं काम करते. सकाळी चहा आला की आमची एमिराती सहकारी माझ्या शेजारच्याला विचारायची, "तिश्रब चाय?" आणि मला, "तिश्रबीन चाय?" माझ्याच वाट्याला ते 'ईन' का, हे मी तिला विचारलं, आणि माझं अरबी खरं तिथून सुरू झालं. तोवर शब्दांच्या याद्या पाठ करत होते, आठवड्यात विसरायचे.

म्हणून सांगते, एकच वाक्य धरा, पण रोज तोंडी येणारं. माझं वाक्य प्रमाण अरबीतलं, बोलीतला 'चाय' तिथे 'शाय' होतो: "अश्रबु-श्शाय फिल्-मक्तब." मी ऑफिसात चहा पिते.

आधी क्रियापद. श-र-ब ही तीन अक्षरं म्हणजे पिणं. आपलं सरबत याच घरचं. अश्रबु म्हणजे मी, नश्रबु आम्ही, यश्रबु तो, तश्रबु ती. तश्रबु 'तू'लाही चालतं, पण पुरुषाला, बाईला तश्रबीन. तेच माझं 'ईन'! मराठीत पितोस-पितेस असतं तसंच. मात्र 'मी पितो, मी पिते' हा फरक अरबीत नाही, अश्रबु कुणीही म्हणावं. सात-आठ दिवस एवढंच घोळवा. घरातल्या प्रत्येकाला चहा पाजा, मनातल्या मनात.

मग मक्तब. मला सगळ्यात आवडतो तो हा शब्द. क-त-ब म्हणजे लिहिणं, त्यातूनच किताब. सुरुवातीला 'म' आला की बहुधा जागा होते: मक्तब लिहिण्याची, मत्बख स्वयंपाकाची, मद्रसा शिकण्याची. मशीदही तशीच, मूळ शब्द मस्जिद, स-ज-द म्हणजे माथा टेकणं. नवा शब्द भेटला की 'म' बाजूला करून आत कोणती तीन अक्षरं उरतात ते बघायची सवय लावा.

नामाआधी येणारं 'अल्' म्हणजे इंग्रजीतलं 'the'. मग अल्-शाय न म्हणता अश्शाय का? अरबीतल्या 28 अक्षरांपैकी 14 अक्षरं आधीच्या 'ल'ला गिळतात. त, द, न, र, स, श म्हणताना जिभेचं टोक 'ल'च्याच आसपास जातं, म्हणून. म, ब, क लांबचे. तिथे 'ल' शाबूत, अल्-मक्तब. मोठ्याने म्हणून बघा, यादीची फारशी गरज पडत नाही.

विभक्ती बोलताना गळते, पण वाचायला हवी. पूर्ण वाक्य "अश्रबु-श्शाय फिल्-मक्तबि": चहा कर्म, म्हणून शेवटचा 'य' पूर्ण, त्यात 'अ', 'फी' म्हणजे मध्ये, त्यानंतरच्या नामाला 'इ'. कर्त्याला 'उ' लागतो: "अल्-मुहासिबु यश्रबु-श्शाय", हिशेबनीस चहा पितो. ह-स-ब, आपला हिशेब. मी बाई, म्हणून मुहासिबा, आणि क्रियापद तश्रबु.

आता नकार द्या: ला अश्रबु. भूतकाळ करा: शरिब्तु, प्यायले. चहा काढून अल्-कह्वा घाला, कॉफी. 'क' आहे, 'ल' तसाच राहिला ना?