तटबंदीतला पिंपळ काढायचा, पण उपटायचा नाही

११ जुलै २०२५ रोजी महाराष्ट्रातले ११ आणि तामिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेव्हापासून गडांवर श्रमदानाला हातांची कमी नाही. हे हात हवेतच. मात्र झाडं उपटण्याच्या उत्साहात तटाचे चिरे निखळतात, आणि ते नुकसान भरून येत नाही.

आधी परवानगी घ्या. रायगड, शिवनेरी, लोहगड, सिंधुदुर्ग हे केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत; राजगड, साल्हेर, प्रतापगड, खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. संरक्षित वास्तूला विनापरवाना हात लावणं हा गुन्हा आहे. शिवाय खात्याचा जाणकार माणूस जागेवर असेल तर चुका तिथल्या तिथे टळतात.

पक्ष्यांच्या विष्ठेतून वड, पिंपळ, उंबराचं बी दरजेत, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात पडतं. मूळ चुना फोडत आत शिरतं, जाड होतं आणि चिरा बाहेर ढकलतं. पण तोवर त्याच मुळाने आजूबाजूचे चिरे धरूनही ठेवलेले असतात. म्हणून खोड ओढलं की दगडही सोबत येतात. बोटाएवढं रोप पावसात, दरज ओली असताना, हलक्या हाताने मुळासकट निघतं. त्याहून जाड झालं की ओढायचं नाही.

अशा झाडाजवळ तटाला पोट सुटलंय का, म्हणजे तो बाहेर फुगलाय का, ते ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) लावून पाहा. सुटलं असेल तर काम तिथेच थांबवा. आधी टेकू लागेल, आणि तो अभियंत्याने ठरवायचा. नसेल तर आधी फोटो काढा, मग फांद्या वरून खाली उतरवत खोड करवतीने कापा. कुऱ्हाडीचे घाव भिंतीला हादरे देतात. ताज्या कापावर लगेच, काही मिनिटांतच, खात्याने मान्य केलेलं तणनाशक ब्रशने लावा. उशीर झाला की काप सुकतो, औषध मुळापर्यंत उतरत नाही आणि वर्षभरात चार फुटवे येतात. ग्लायफोसेट या तणनाशकावर २०२२ पासून केंद्राचे निर्बंध आहेत. ते अधिकृत पेस्ट कंट्रोलवाल्याकडूनच लावून घ्या. टाक्यांच्या पाण्यात थेंबही जाता कामा नये. मीठ, ॲसिड, रॉकेल, जाळ यांपैकी काहीही वापरू नका. मीठ दगडात मुरतं, सुकताना त्याचे स्फटिक फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

मेलेलं मूळ कुजलं की आत पोकळी राहते. ती भरली नाही तर पावसाचं पाणी शिरून तट आतून धुपतो. दरज साफ करून पाणी मारा, मग विरवून (कळीचा चुना पाण्यात फोडून) निदान पंधरा दिवस पाण्याखाली मुरवलेला चुना एक भाग आणि वाळू-सुरखी (विटांची भुकटी) मिळून तीन भाग, असा माल खोलवर दाबून भरा. नेमकं प्रमाण मूळ चुन्याचा नमुना तपासून खातं ठरवतं. जलदुर्गावरही समुद्राची वाळू किंवा खारं पाणी घेऊ नका. भरलेल्या दरजांवर ओली गोणपाटं आठवडाभर ठेवा. चुना भराभर सुकला तर भुगा होतो. सिमेंट नकोच: ते दगडाहून कडक, पाणी आत कोंडतं, आणि शेवटी फुटतो तो दगड.

एक अपवाद आहे. बऱ्याच गडांचे काही तट चुन्याशिवाय, कोरड्या रचाईचे आहेत. पाणी त्यांच्या सांध्यांतूनच बाहेर पडतं. तिथे चुना भरला तर तटामागे पाणी साचून भिंत ढकलली जाते. अशा जागी सांध्यात दगडी चिपाच (दगडाचे लहान तुकडे) ठोकायच्या.

निखळलेला चिरा सापडला तर उचलून नेऊ नका. कुठे पडला त्याचा फोटो काढून खात्याला कळवा. पुढचे दोन पावसाळे तीच जागा पाहा. फुटवा आलाच तर पुन्हा कापून औषध लावा.